खाटेवरचा रुमाल

मला मराठी वाचता यायचं, पण थांबलेलं. पुस्तकातलं, दुकानाच्या पाटीवरचं, भिंतीवर रंगवलेलं. समोर उभी राहून एकेक अक्षर जोडत गेले की शब्द हळूहळू दिसायला लागायचा. चालत्या एसटीच्या पाटीवरचं मराठी मात्र माझ्या हाती लागत नसे. गाडी वळून फलाटाला लागेपर्यंत माझी जेमतेम दोन अक्षरं झालेली असायची. तोवर लोक दाराशी गर्दी करायचे आणि पाटी कुणाच्या तरी डोक्यामागे जायची.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, रविवारी चर्चमध्ये गीतंही मराठी गायचो, पण ती मला ऐकून पाठ होती. पुस्तक नुसतं उघडून धरलेलं असायचं. हे कुणालाच माहीत नव्हतं. वडील सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते, आम्ही तिथंच राहायचो. बारावीनंतर मी नगरच्या कॉलेजात जायला लागले आणि रोज दुपारी परतीची गाडी पकडताना हे आता उघडं पडणार, अशी धास्ती वाटायची. विचारायला तोंड उघडायचं नाही. हातात जाड जाड पुस्तकं, आणि विचारायचं काय, तर ही गाडी कुठली.

एकदा मी अशीच अंदाजाने चढले. कंडक्टरने कुठं असं विचारलं तेव्हा गाडी भलत्याच रस्त्याला लागली होती. चुकले म्हणायची लाज वाटली, म्हणून शेजारच्या बाईने मागितलं तेच गाव मीही मागितलं. करंजी. तिथं उतरले, काहीतरी काम असल्यासारखी थोडं पुढं चालत गेले, एका झाडाखाली थांबले आणि उलट्या गाडीने परत आले. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल लांबलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात फलाटाच्या टोकाला खांबापाशी बसलेल्या बाईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "ही न्हवं. तुझी मागची."

मी वळून पाहिलं. खांबाभोवती सिमेंटचा गोल कट्टा होता. त्यावर ती एक पाय दुमडून बसली होती. शेजारी चटईची वळकटी, एक बोचकं, पाण्याची बाटली. साठीच्या आसपासची असावी. गाडीतून उतरणारी माणसं ती अशी बघत होती, जसं कुणी अंगणात आलेली चिमणी बघतं. मागची गाडी आली, मी चढले, ती सुप्याला थांबली. दुसऱ्या दिवशी मी त्याच खांबापाशी उभी राहिले, आणि पुढची तीन वर्षं तिथंच उभी राहत गेले.

ती तिथं राहायची, हे कळायला मला बरेच दिवस लागले. मला वाटायचं तीही कुठल्या तरी गाडीची वाट बघतेय. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बोलताना "तुम्ही" म्हणायचे, मनात मात्र "ती"च होती. कुठून आली हे तिने कधी नीट सांगितलं नाही. पूर्वेकडची होती, पाथर्डीच्या पलीकडची. एवढंच एकदा म्हणाली की ती कुठंतरी जायलाच आली होती, आणि गाडीला लई टाइम हुता.

एका दुपारी एका बाईने तिला भिंतीवरच्या वेळापत्रकातली वेळ विचारली, तर मावशी म्हणाली, मला अक्षर येत न्हाई. मी चमकले. त्या दिवशी मी तिच्याशी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले असेन. मी विचारलं, मग तुम्हाला गाडी कळते कशी?

"पाटी कशाला बघायची? गाडी बघावी."

आणि मग तिने मला गाड्या दाखवल्या. चाकांना काळा चिखल चिकटलेला असला की नेवाशाकडची. पांढरी बारीक धूळ, अगदी काचेच्या कोपऱ्यापर्यंत, ती पूर्वेकडची. पारनेरच्या गाडीला कांद्याच्या गोण्यांचा वास. बंपरजवळ उसाचं पाचट अडकलेलं असेल तर राहुरीच्या अंगाने आलेली. अमक्या गाडीच्या डाव्या कुशीत खड्डा आहे, तमक्या ड्रायव्हरचा टॉवेल लाल आहे, एकीला ब्रेक लावला की ती म्हातारीसारखी खोकते. सुप्याची गाडी ओळखायला तर सगळ्यात सोपी. निळ्या शर्टाची, डब्याच्या पिशव्या घेतलेली माणसं एका बाजूला सरकायला लागली, की बघायचंच नाही, सरळ त्यांच्या मागं जायचं.

"तुला बी येत न्हाई व्हय वाचाया?" तिने विचारलं.

"येतं," मी म्हणाले. "हळू येतं."

"मंग चालतंय. गाडी बी हळूच येती."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि तिच्यासमोर ते असं सहज जमिनीवर ठेवल्यासारखं झालं. त्यानंतर मी पाट्या वाचायचा प्रयत्नच सोडला. दुपारचं ऊन फलाटाच्या पत्र्याखालून तिरकं यायचं, त्यात धूळ तरंगत असायची, वर लाऊडस्पीकरवरचा आवाज एकेक गाव उच्चारायचा आणि गावं त्या धुळीतच विरघळायची. जामखेड. शेवगाव. श्रीगोंदा. गाड्या एकामागून एक आत यायच्या. मला त्या संध्याकाळी गोठ्याकडे परतणाऱ्या गुरांसारख्या वाटायच्या, प्रत्येकीची चाल वेगळी. माझं कॉलेज कसं गेलं असं कुणी विचारलं तर मला वर्ग आठवत नाहीत, हे आठवतं.

मावशीचं तिथं काम होतं. कुणी नेमलेलं नव्हतं, पण होतं. बायका तिच्यापाशी पिशव्या ठेवून पाणी प्यायला जायच्या. कँटीनवाला तिला न मागता चहा द्यायचा. आणि बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी वाढली, तशी तिच्याकडे रुमाल टाकण्याची कामं वाढली. कडेवर मूल, हातात पिशवी असलेली बाई गाडीच्या खिडकीपर्यंत पोचणार कशी? ती आपला रुमाल मावशीला द्यायची. मावशी गर्दीच्या कडेने जायची, टाचा उंचवायची आणि खिडकीतून सीटवर रुमाल असा सोडायची की तो पसरूनच पडे. कुणी रुमाल दिला नाही तर तिचा स्वतःचा होता. पोपटी, एका कोपऱ्याला गाठ मारलेला.

रुमालाचा कायदा सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. रुमाल पडला की जागा भरली. कितीही धिप्पाड माणूस असो, तो रुमालाकडे बघतो, चरफडतो आणि उभा राहतो. पण मावशीने मला त्यातलं एक बारीक कलमही सांगितलं होतं. कुणी लेकुरवाळी उभी असेल तर जागा सोडावी, पण ज्याने टाकला त्यानेच रुमाल उचलावा. दुसऱ्याने उचलला तर ती चोरी.

हे मी ऐकलं होतं. तरीही पुढं जे केलं ते केलं.

पदवी झाल्यावर मला शहरातल्या एका लहान संस्थेत नोकरी मिळाली. संस्थेने शहराच्या कडेला दोन रांगांत खोल्या बांधल्या होत्या, स्टँडवर, पुलाखाली, दवाखान्याच्या व्हरांड्यात राहणाऱ्या माणसांसाठी. पक्क्या, स्लॅबच्या. प्रत्येक खोलीला मोरी, एक खिडकी, लोखंडी खाट. एकदा दिली की आयुष्यभराची. मला घेतलं ते इंग्रजीमुळे. बाहेर पाठवायचे अहवाल मी लिहायचे. खोली मिळालेल्या माणसाबद्दल मी लिहायचे की तो आता कायमच्या घरात स्थिरावला आहे, आणि लिहिताना मला खरंच एक दार दिसायचं, आतून लावलेलं, आणि फटीतून येणारा उजेड.

एका बैठकीत मॅडमनी विचारलं, कुणाच्या माहितीत कुणी आहे का. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, पन्नाशीच्या, कायम थकलेल्या आणि कायम नीटनेटक्या. मी त्या नोकरीत लागल्यापासून बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मावशीची कागदपत्रं करायला चार महिने लागले. तिच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. ती दर वेळी माझ्याबरोबर मुकाट यायची, रांगेत बसायची, रांगेतल्या लोकांना कुठून आलात विचारायची आणि त्यांची परतीची गाडी सांगायची. खोलीला ती हो म्हणाली, पण कशी, तर कुणी चहा घेता का विचारल्यावर म्हणावं तशी.

निघायच्या दिवशी तिने वळकटी बांधली, बोचकं उचललं आणि खांबाच्या कट्ट्यावर आपल्या जागी पोपटी रुमाल पसरला. वर अर्धी वीट ठेवली. मग रिक्षात बसली. मी सामान ठेवत होते, मला ते उशिरा दिसलं. मला वाटलं, विसरली. धावत गेले, वीट बाजूला केली, रुमाल झटकला आणि पर्समध्ये ठेवला. खोलीवर पोचल्यावर तिला दिला. मला वाटलं तिला आनंद होईल.

ती रुमालाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू उचलला व्हय?"

"विसरला होता ना तुम्ही."

तिने रुमालाची घडी घातली, ती उलगडली आणि परत घातली. मी तिला नळ कसा सोडायचा ते दाखवलं.

पहिले दोन आठवडे मी एक दिवसाआड जायचे. दर वेळी ती खाटेच्या कडेला बसलेली दिसायची, बोचकं मांडीवर. खोलीला पिवळा रंग दिलेला होता आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळं मधात बुडवल्यासारखं दिसायचं. बाहेर काही आवाज नसायचा. मला ती खोली फार आवडायची. खरं सांगायचं तर मला ती माझ्यासाठी हवी होती. सुप्याला मी आणि बहीण एका खोलीत, आणि बहीण झोपेतही बोलते.

शेजारच्या खोलीत एक बाई राहायची, पूर्वी दवाखान्याच्या आवारात असायची, तोंडाची फटकळ. तिने मला दाराशीच गाठलं.

"तुमची मावशी पाहुनी आल्यावानी बसती," ती म्हणाली. "च्या घ्या म्हनलं तर म्हनती, नगं, टाइम झाला. कशाचा टाइम झाला, इचारा की. आन दारावरनं कुत्रं गेलं तरी इचारती, कुटं निगाला."

मी हसले. आत गेल्यावर मावशीला विचारलं, बरं वाटत नाही का इथं.

"खोली ब्येस हाय," ती म्हणाली. "वारं येतं. पानी येतं. पर बसलं की वाटतं, आता सुटंल, आता सुटंल. आन सुटत न्हाई."

डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बसल्यावर कसं वाटतं ते मला माहीत होतं. काचा बंद, सीटवर ऊन, आणि ड्रायव्हर नाही. मी म्हणाले, सवय होईल. असं आम्ही सगळ्यांनाच म्हणायचो.

महिन्याभराने गेले तर ती खोलीत नव्हती. दाराला नुसती कडी होती, कुलूप नाही. खाटेवर मधोमध पोपटी रुमाल पसरलेला, वर स्टीलचा पेला पालथा घातलेला. मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, तीन दिवस झाले, सकाळी बोचकं घेऊन गेल्यात, म्हनल्या जागा बघून येते.

मी ओळखलं कुठली जागा. स्टँडवर गेले तर ती खांबापाशी बसली होती, पण कट्ट्यावर नाही, खाली जमिनीवर. तिच्या जागी एक रसवंतीवाला आपली पोती ठेवायला लागला होता. रुमाल नसल्याने त्याला ती जागा मोकळी वाटली, यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आठवड्याभरात तिने गोड बोलून पोती हलवली आणि पुन्हा कट्ट्यावर बसली. पण मला ते पहिलं दृश्य विसरता येत नाही. तिची जागा मी उचलली होती, हाताने, झटकून. रुमाल तिथं असता तर जागा राखलेली आहे म्हणून ती खोलीत निश्चिंत राहिली असती का? तरीही ती परत आली असतीच, असं मला आता वाटतं. त्या वेळी तसं वाटत नव्हतं.

"मावशी, खोलीचं काय?" मी विचारलं.

"खोली हाय की. रुमाल टाकलाय तिथं."

तिने ते इतक्या निर्धास्तपणे सांगितलं, की मी पुढं काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. आमचा नियम असा होता, की तीन महिने खोलीत कुणी राहिलं नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. यादी मोठी होती. हे मी तिला खोली मिळतानाही नीट सांगितलं नव्हतं, कारण गरज पडेल असं वाटलं नव्हतं, आणि आता सांगायचं म्हणजे तिला भीती घातल्यासारखं झालं असतं. गप्प राहण्यासाठी मला नेहमीच चांगली कारणं सापडतात.

दर महिन्याला मी पाहणीचा फॉर्म भरायचे. तिच्या नावापुढं पहिल्या महिन्यात लिहिलं, राहते. दुसऱ्या महिन्यातही तेच लिहिलं. मी अगदीच खोटं लिहिते आहे असं मला वाटत नव्हतं. मी खोलीवर जायचे, रुमाल बघायचे, पेल्यावरची धूळ पुसायचे. फॉर्म इंग्रजीत होता. त्यात दोनच चौकोन होते, राहते किंवा राहत नाही. एसटीच्या हिशेबाने ती बसलेली होती. नुसती खाली उतरून पाणी प्यायला गेली होती.

त्या दिवसांत मी स्टँडवर आणि खोलीवर अशी ये-जा करायचे आणि कधीकधी दोन्ही जागा माझ्या मनात एक व्हायच्या. खोलीच्या खिडकीतून लाऊडस्पीकर ऐकू येतोय असं वाटायचं. नाताळात आईने केलेल्या करंज्या मी तिला स्टँडवर नेऊन दिल्या. तिने दोन खाल्ल्या, चार कँटीनवाल्याला पाठवल्या आणि दोन कागदात गुंडाळून ठेवल्या. म्हणाली, ह्या खोलीवर ने. मी नेल्या. रुमालाशेजारी ठेवल्या. पुढच्या खेपेला मुंग्या झाल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात मॅडम माझ्याबरोबर आल्या. अचानक नाही, आदल्या दिवशी सांगून आल्या. मला एक संध्याकाळ मिळाली होती. मावशीला सांगून दोन दिवस खोलीवर आणून बसवता आलं असतं. ते मी केलं नाही. मॅडमनी कडी काढली, आत आल्या, मोरी कोरडी पाहिली, खिडकीच्या गजावरचं जाळं पाहिलं, मग रुमालापाशी थांबल्या.

"हे काय?"

"रुमाल," मी म्हणाले.

त्याही याच जिल्ह्यातल्या, राहात्याच्या, एसटीनेच शिकलेल्या. त्यांना कळलं असणार. मग त्यांनी विचारलं, किती दिवस. मी खरं सांगितलं. रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की यादीत वरती एक बाई आहे, लहान मुलीला घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपते. आठ दिवस थांबू. मावशी येऊन राहिली तर खोली तिची. नाहीतर पुढच्या सोमवारी त्या बाईला द्यायची. आणि हे मावशीला सांगायचं काम माझं.

सांगायला मला चार दिवस लागले. रोज स्टँडवर जायचे, खांबापाशी बसायचे आणि परत यायचे. बसल्यावर मला दिसायला लागलं, जे उभी असताना दिसलं नव्हतं. स्टँड बदलला होता. शहराचं नाव बदललं होतं, नव्या पाट्या रंगवल्या होत्या, त्याचं मावशीला काही नव्हतं. पण गाड्या बदलल्या होत्या. विजेवरच्या नव्या गाड्या आवाज न करता यायच्या, धुतलेल्या, सगळ्या एकसारख्या, आणि कपाळावर लाल दिव्यांची अक्षरं सरकायची. त्यांना खोकला नव्हता, कुशीत खड्डा नव्हता. चौथ्या दिवशी अशी एक गाडी समोर लागली आणि मावशी डोळे बारीक करून बघत राहिली. एक म्हातारा तिला विचारायला आला होता, हातात काठी, गाडीची घाई. ती काहीच बोलेना.

मग हळूच मला म्हणाली, "कोनती गं ती?"

मी वाचलं. सरकत्या अक्षरांतून, पहिल्या दमात. कधी यायला लागलं ते मलाच कळलं नव्हतं. मी सांगितलं, तिने म्हाताऱ्याला मोठ्याने सांगितलं, जणू तिचंच होतं, आणि तो गेला. तिचा हात मात्र मांडीवर पालथा पडून राहिला.

तेव्हा मी सगळं सांगितलं. तीन महिन्यांचा नियम, फॉर्ममध्ये मी काय लिहीत होते ते, मॅडम, सोमवार. हेही म्हणाले की मावशी, या परत, तिथं तुमचं छप्पर आहे, उद्या पाय चालेनासे झाले तर इथं कोण बघणार. मी तिला रुमालाबद्दलही सांगणार होते, कट्ट्यावरच्या, की माझं चुकलं. पण तिने मधेच विचारलं.

"उबी कोन हाय?"

"काय?"

"खोलीसाठी. कोन उबी हाय?"

मी सांगितलं, एक बाई आहे. तिची मुलगी आहे चार वर्षांची.

मावशी विचारात पडली. "चार वर्साची म्हंजी अजून अर्दं तिकिट बी न्हाई," ती म्हणाली. "मांडीवरच बसायचं तिनं."

माझी गाडी आली तेव्हा तिने हनुवटीने दाखवली.

सोमवारी ती खोलीवर आमच्या आधी पोचली होती. कशी आली, कुणाला विचारून आली, माहीत नाही. मॅडम आणि मी त्या बाईला आणि मुलीला घेऊन गेलो तर मावशी दाराबाहेर उभी होती, बोचकं बरोबर नव्हतं. बोचकं नाही हे मी आधी पाहिलं आणि मला कळलं. मॅडमनी तिला पुन्हा एकदा विचारलं, अगदी मनापासून. मावशी म्हणाली, तुमी चांगली मानसं हायेत. मग चपला काढून ती आत गेली, पेला उचलून खिडकीत ठेवला, रुमाल उचलला, एकदाच झटकला आणि कमरेला खोचला. उन्हात थोडी धूळ उडाली आणि खाली बसली.

नवी बाई दारातच अंग चोरून उभी होती. तिला वाटत होतं आपल्यामुळे कुणाला तरी बाहेर काढताहेत, आणि तिला निघून जायचं होतं, हे तिच्या पायांवरून दिसत होतं. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. मुलीला म्हणाली, "बस माय. खिडकीकडनं बस."

मुलगी खाटेवर चढली आणि खिडकीशी बसली. आईकडे न बघता. मला वाटलं, मुलीने आता गाडी कधी सुटणार असं विचारलं तर काय सांगायचं.

परतताना मी म्हणाले मी तुम्हाला सोडते. मावशी म्हणाली, मला काय रस्ता म्हाईत न्हाई व्हय. ती रस्त्याच्या कडेने चालत गेली, मध्येच थांबून एका टेम्पोवाल्याशी बोलली, आणि तो तिला घेऊन गेला.

त्या महिन्याच्या अहवालात मी तिच्याबद्दल लिहिलं. अशा माणसांसाठी एक रकाना असतो, कायमच्या घरातून पुन्हा बेघर झालेले. त्यात कारणासाठी एक ओळ असते. मी ती कोरी ठेवली. मॅडमनी वाचलं आणि तसंच पाठवलं.

आता मी नोकरीवरून परतताना त्याच फलाटावरून गाडी धरते. मागच्या आठवड्यात गेले तर खांबापाशी मावशी नव्हती. कट्ट्यावर पोपटी रुमाल होता, वर अर्धी वीट. माझी गाडी लागलेली होती, निळे शर्ट चढत होते. एक माणूस मोबाईलवर बोलत बोलत कट्ट्याकडे आला, त्याने विटेला हात घातला. मी म्हणाले, तिथं बसलेत. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि पुढं गेला.

मी तिथंच उभी राहिले. माझी गाडी सुटली. पत्र्याखालून ऊन तिरकं आत आलं होतं आणि वरचा आवाज एकेक गाव घेत होता. बऱ्याच वेळाने मावशी नळाकडून आली, पदराला हात पुसत, एका गुडघ्यावर भार देत. आधीपेक्षा सावकाश.

"तुझी गेली न्हवं?" ती म्हणाली.

"मागची आहे अजून."

तिने वीट बाजूला केली, रुमाल उचलला आणि बसली. दोन गाड्या येऊन गेल्या. मग समोर बघतच म्हणाली, "ती यादी असती न्हवं तुमची. उब्या मानसांची."

"असते."

"तीत टाकून ठिव माझा एक रुमाल."

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव यादीच्या शेवटी लिहिलं. बाकीची नावं इंग्रजीत टाइप केलेली होती, हे मी पेनने लिहिलं, मराठीत. मॅडमनी यादी पाहिली. बोट खालपर्यंत नेलं, त्या नावापाशी थोडं थांबल्या आणि कागद उलटला.